दोन आकडे फुकट

माझ्या नवऱ्याला फुकट मिळणारी कुठलीही वस्तू नाकारता येत नसे. आता त्याला जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्याच्या या एका गुणामुळे मला मध्यंतरी एकदा मरावं लागलं, म्हणून सांगते.

लेलंड डिट्मर आमच्या लॉर्टन फॉल्समध्ये वजनकाट्यांच्या कारखान्यात काटे तपासायच्या कामावर होता. (गावाच्या नावात धबधबा आहे, गावात नाही. गाव म्हटलेलंही इथल्या लोकांना खपत नाही; वेशीवरच्या पाटीवर 'शहर' लिहिलंय आणि पाटी दरवर्षी रंगवतात.) दिवसभर वजनं बरोबर आहेत की नाहीत ते बघायचं, आणि संध्याकाळी घरी येऊन कॉफीत साखर जरा जास्त पडली म्हणून मला दाखवायचं, असा माणूस. बँकेची फुकट कॅलेंडरं आमच्या घरात खोलीगणिक तीन-तीन होती. बियाणांच्या दुकानाने पाऊस मोजायची नळी फुकट वाटली, तेव्हा त्याने दोन आणल्या, आणि दोन्हींत पाऊस सारखाच पडतो की नाही हे उभं आयुष्य तपासलं. पेट्रोल पंपावर टाकी भरली की काचेचा पेला फुकट मिळायचा, त्या काळात आम्ही पेल्यांपायी इतके भटकलो की लग्नाचा विसावा वाढदिवस इंडियानातल्या एका पंपावर साजरा झाला. ते पेले अजून आहेत. पाहुणे कितीही आले तरी पेला कमी पडला नाही, आणि लेलंडने ते प्रत्येक पाहुण्याला सांगितलं.

तर एका मे महिन्यात, थडग्यांवर फुलं वाहायचा दिवस जवळ आला असताना, मिल स्ट्रीटवर थडग्यांचे दगड कोरणाऱ्या गस पेलेग्रिनोने आपल्या दुकानाबाहेर फळा लावला: 'जोडप्याचा दगड घ्या, दोन आकडे फुकट.'

आमच्याकडे नवरा-बायको धडधाकट असतानाच जोडीने दगड घेऊन ठेवायची रीत आहे. दोघांची नावं, दोघांची जन्मसालं, पुढे एक आडवी रेघ, आणि रेघेपुढे कोरी जागा. रविवारी चर्चहून येताना लोक टेकडीवरच्या दफनभूमीत आपापल्या दगडापाशी थांबतात, पालापाचोळा झाडतात, शेजाऱ्याच्या दगडाचं पॉलिश कसं उतरलंय ते बघतात. ज्याचा दगड तयार नाही त्याला आमच्यात जरा उडाणटप्पू समजतात.

लेलंड धापा टाकत घरी आला. "गस मृत्यूच्या सालातले पहिले दोन आकडे आत्ताच फुकट कोरून देतोय. एक-नऊ. तुझ्याही नि माझ्याही. नंतर दोनच कोरायचे राहतात."

मी बटाटे सोलत होते.

"आपण दोघंही याच शतकात जाणार, हे तर नक्की ना?" त्याने विचारलं.

म्हटलं, असेल.

लेलंडने त्याचा शब्द पाळला. अठ्ठ्याऐंशी साली तो गेला, गसने त्याच्या एकोणीसपुढे अठ्ठ्याऐंशी कोरलं, आणि त्याचे फुकटचे दोन आकडे वसूल झाले. माझ्या बाजूला राहिलं: 'आल्मा डिट्मर, १९२१ – १९'. पुढे कोरा ग्रॅनाइट. मी दर रविवारी जाऊन बसायची, आठवड्याच्या बातम्या लेलंडला सांगायची, आणि त्या कोऱ्या जागेकडे दुर्लक्ष करायची. वर्षं भराभर गेली. मला काही होईना.

नव्याण्णव साल उजाडलं. तुम्हाला आठवत असेल, त्या वर्षी साऱ्या जगाला दोन आकड्यांचीच काळजी लागली होती. कॉम्प्युटरना वर्षाचे शेवटचे दोनच आकडे कळतात, शून्य-शून्य आलं की त्यांची मती फिरणार, दिवे जाणार, बँका बुडणार. शेजारच्या मर्ल स्टब्सने, आयुष्यभर टपाल वाटून निवृत्त झालेल्या शांत माणसाने, तळघरात घेवड्याचे इतके डबे रचले की त्याला स्वतःला तिथे आडवं शिरावं लागे. जगाचे शेवटचे दोन आकडे बिघडलेले होते. माझे पहिले दोन.

ऑक्टोबरात पालिकेच्या 'उद्याने व दफनभूमी' खात्यातून वेंडल ट्रुअ‍ॅक्सचा फोन आला. वेंडल लहानपणी रविवारच्या शाळेत माझ्या वर्गात होता आणि डिंक खायचा. आता तो त्या खात्याचा प्रमुख होता.

"मिसेस डिट्मर, तुमच्या दगडाची जरा अडचण झालीय."

"कलला का?"

"नाही. तुम्ही अर्धवट मेलेल्या दिसताय."

मी कोट चढवला आणि त्याच्या कचेरीत गेले. पालिकेने जगबुडीच्या भीतीने नवे कॉम्प्युटर घेतले होते, आणि वेंडल प्रत्येक थडगं त्यात भरत होता.

"याला तीन गोष्टी कळतात," तो कॉम्प्युटरवर हात ठेवून म्हणाला. "रेघेपुढे काही नसलं तर जागा राखीव. पूर्ण साल असलं तर जागा भरलेली. या दोन्हींत बसत नसलं तर जागा मोकळी. तुमचं एकोणीस आहे. राखीव म्हणता येत नाही, कारण मरायला सुरुवात झालेली आहे. भरलेली म्हणता येत नाही, कारण काम पूर्ण नाही."

"मी कसलीही सुरुवात केलेली नाही, वेंडल."

"दगडावर तसं दिसतं."

"मग तू हाताने 'राखीव' लिही."

"नोंद दगडाप्रमाणेच करायची, असा ठराव आहे. एकतीस डिसेंबरला हा अर्धवट नोंदी गाळणार आणि जागा पुढच्या अर्जदाराला जाणार."

"पुढचा अर्जदार कोण?"

वेंडल खोकला. लहानपणी डिंक पकडला गेला की असाच खोकायचा. "मिस बर्निस डिट्मर."

बर्निस म्हणजे माझी नणंद. लेलंडहून दोन वर्षांनी मोठी, लग्न केलं नाही, गावातल्या तीन पिढ्यांना पियानो शिकवला. मी उठले. "यातून मार्ग काय?"

"दगडावर चार आकडे दिसले पाहिजेत. नाहीतर मग डिसेंबरच्या आत..." इथे तो थांबला. त्याच्या आईने त्याला चांगलं वळण लावलं होतं. "नाहीतर राहू द्या."

आता तुम्ही म्हणाल, मेल्यावर कुठे का पुरेनात. तसं नाही. लेलंडच्या शेजारी मी एवढी वर्षं झोपले, तो डावीकडे, मी उजवीकडे, आणि पांघरूण कोण ओढतं हा वाद त्याच्या जाण्याने अर्धाच राहिला. ती उजवी बाजू माझी. ती मी कुणाला देणार नव्हते, आणि बर्निसला तर नाहीच.

बर्निसला दर शुक्रवारी केस सेट करायला मीच गाडीतून नेत असे. तिला गाडी चालवता येत नाही. तिच्या मते तिला येते, पण बाकीच्यांना येत नाही. त्या शुक्रवारी तिसऱ्याच चौकात मला राहवलं नाही.

"तू अर्ज केलास आणि मला बोलली नाहीस."

"बोलणार होते," बर्निस म्हणाली. "तुझं सगळं आटोपल्यावर."

"मग मला कसं कळणार?"

"म्हणूनच घाई केली नाही."

"बर्निस, ती माझी जागा आहे. तो माझा नवरा आहे."

"तू भेटायच्या आधी वीस वर्षं तो माझा भाऊ होता. समोर बघ, सिग्नल आहे." मग तिने हातमोजे काढून मांडीवर ठेवले. "आल्मा, टेकडीवर आता जागाच उरलेली नाही. मला नव्या भागात टाकणार. नवा भाग कुठे आहे ठाऊक आहे ना? बोलिंगच्या हॉलमागे. मी गेले होते उभं राहून बघायला. चेंडू गडगडतो, मग खुंट्या पडतात, मग लोक ओरडतात. चाळीस वर्षं मी मुलांच्या चुका ऐकल्या. आता कायमचं बोलिंग ऐकू?"

मी हॉर्न वाजवला.

बातमी फुटायला आमच्याकडे वेळ लागत नाही. मर्ल त्याच संध्याकाळी कुंपणावर ओणवा झाला. "आल्मा, यात काय एवढं? पुट्टी भर. खिडकीच्या काचांची पुट्टी आहे माझ्याकडे. एकोणीस बुजवला की रेघेपुढे कोरं. कोरं म्हणजे राखीव."

मला ते एकदम पटलं. शहाण्या माणसाने सांगितलेलं सगळं मला आधी एकदम पटतं. आम्ही दोघं टेकडीवर गेलो, मर्लने टपालाची तिकिटं चिकटवावीत इतक्या निगुतीने पुट्टी भरली, वर राख चोळली. लांबून काही दिसत नव्हतं. जवळून दात भरल्यासारखं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी वेंडलला दाखवायला नेलं तर दगडावर दोन खारी बसलेल्या. त्या पुट्टीत जवसाचं तेल असतं आणि खारींना ते प्राणाहून प्रिय असतं, हे आमच्यापैकी फक्त खारींना माहीत होतं. त्यांनी माझा एकोणीस कोपऱ्याकोपऱ्यातून चाटून असा लख्ख केला होता की गसने कोरला तेव्हाही तो इतका ठळक नव्हता.

"आता आणखी स्पष्ट दिसतंय," वेंडल म्हणाला, आणि त्याने तसं वहीत टिपलं.

पाद्रीसाहेबांनी सुचवलं की एकोणीस हा स्तोत्राचा आकडा समजावा आणि आधी 'स्तोत्र' हा शब्द घालावा. पण आधी रेघ होती आणि रेघेआधी माझा जन्म होता, त्यामुळे शब्दाला जागा नव्हती. अ‍ॅरिझोनातल्या माझ्या लेकीने फोनवर सांगितलं, "आई, तू इकडेच ये, इथे थंडी नाही." कुठलाही प्रश्न विचारला की ती हेच उत्तर देते. चर्चच्या स्वयंपाकघरात बायकांनी विषय चांगला तासभर घोळवला. शेवटी त्यांच्यातली एक माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "एरवी तब्येत कशी आहे तुझी?" तिच्या आवाजात काळजी होती, पण थोडी आशाही होती. जागेचा प्रश्न सुटला असता ना.

मी गसकडे गेले. गस पेलेग्रिनो माझ्याच वयाचा, दगड कापायच्या यंत्राने कान गेलेला, आणि अभिमानी.

"पुट्टी?" तो म्हणाला. "माझ्या अक्षरात पुट्टी?"

"गस, मला एकोणीस काढून हवाय."

"बाई, मी कोरलेलं निघत नाही. हा ग्रॅनाइट आहे, शाळेतला फळा नाही. काढायचं तर दगडाचा अख्खा चेहरा घासावा लागेल. मग लेलंडही जाईल."

"लेलंड गेलेलाच आहे."

"दुसऱ्यांदा जाईल."

मी तिथेच एका नाव नसलेल्या दगडावर बसले. समोर एक देवदूत अर्धा कोरून ठेवला होता. त्याला एकच पंख होता आणि तो माझ्याकडेच बघत होता. बसल्या बसल्या मला सुचलं. एकोणीस निघत नाही ना, मग तो पूर्ण करायचा. पुढे नव्याण्णव घालायचं, आणि त्याच्यापुढे अधिकचं चिन्ह. '१९९९ +'. म्हणजे नव्याण्णव आणि वर जे काही होईल ते. खोटं काहीच नाही. वेंडलला त्याचे चार आकडे, मला माझं उरलेलं आयुष्य.

वेंडलने ठराव काढून वाचला. "चिन्हाबद्दल नियमात काही नाही. म्हणजे बंदीही नाही. मी फक्त आकडे भरणार."

"आणि मग जागा?"

"भरलेली."

मला इतका आनंद झाला की वाटेत मी नवीन हिवाळी कोट घेतला. दहा वर्षं टिकेल असा, मुद्दाम.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गस यंत्र घेऊन टेकडीवर चढला. दुपारपर्यंत त्याने दोन नऊ कोरले, सुंदर, लेलंडच्या आठांना शोभतील असे. मग तो जेवायला गेला, कारण शुक्रवार होता आणि कोपऱ्यावरच्या खाणावळीत शुक्रवारी मासे असतात. त्याने दुसऱ्यांदा मासे मागवले. तेवढ्यात बर्फ सुरू झाला. परत येऊन बघतो तर हवेची नळी गोठून काठी झालेली. माझं अधिक राहिलं.

"मार्चमध्ये बर्फ गेला की करतो," गसने फोनवर ओरडून सांगितलं. "एक चिन्ह तर आहे."

वेंडलने मात्र बर्फ झाडून आपले चार आकडे टिपले होते. माझी जागा भरली. बर्निस दोन शुक्रवार माझ्याशी बोलली नाही. गाडीत मागच्या सीटवर बसली आणि फक्त वळणं सांगत राहिली.

आमच्याकडे एक इतिहास मंडळ आहे. त्याच्या अध्यक्षा विल्डा क्राउच दर डिसेंबरला टेकडीवर फिरून नवे कोरलेले दगड लिहून आणतात आणि आमचं वर्तमानपत्र ती नावं 'या वर्षी आपल्यातून गेलेले' म्हणून वर्षाअखेरीस छापतं. विल्डाबाई जिवंत माणसांकडे फारशा जात नाहीत, त्यामुळे त्यांच्या कामात चूक होत नाही.

नवं वर्ष लागलं. दिवे गेले नाहीत, बँका बुडाल्या नाहीत, नळाला पाणी आलं. मर्ल सकाळी अंगणात उभा राहून रस्त्यावरच्या दिव्याकडे असा बघत होता की त्याची कुणी फसवणूक केली असावी. साऱ्या जगातलं एकही यंत्र बंद पडलं नाही. बंद पडले ती फक्त मी.

सकाळी दाराची घंटा वाजली. चर्चमधली एक बाई काळ्या कोटात उभी, हातात काचेच्या ट्रेमध्ये चीज घालून भाजलेले बटाटे. तिने मला पाहिलं. मी तिला पाहिलं.

"आल्मा," ती म्हणाली.

"हो."

"मग घरात... कोण गेलंय?"

"मी, असं दिसतंय."

तिने ट्रेकडे बघितलं. "गरम आहे. आत ठेवू का?"

आमच्या गावात कुणी गेलं की त्या घरी चूल पेटू देत नाहीत. चांगली चाल आहे. पण ती थांबवायची कशी, याची चाल नाही. दुपारपर्यंत ओटा भरला, मग टेबल, मग कपडे धुवायचं यंत्र. मासळी घातलेल्या नूडल्स, फरसबी, हिरव्या जेलीत अडकलेली गाजरं. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. मी दार उघडायची, त्या दचकायच्या, आणि मग भांडं देऊनच जायच्या, कारण केलेलं परत नेणं बरं दिसत नाही. काही जणी आत येऊन बसल्या आणि माझ्याबद्दल चांगलं बोलल्या. मर्लने घेवड्याचे डबे हातगाडीवर घालून आणले. "जग तर चालूच राहतंय," तो खिन्नपणे म्हणाला. "तुला तरी उपयोगी पडू देत."

"मर्ल, मी मेलेली नाही."

"ते दिसतंय. पण छापून आलंय."

त्याने कात्रण दिलं. त्यात माझ्याविषयी एक ओळ होती: 'दुसऱ्यांची भांडी वेळेवर परत करण्याबद्दल त्या प्रसिद्ध होत्या.' अठ्ठ्याहत्तर वर्षं जगले, एक मूल वाढवलं, लेलंडला सांभाळला, रविवारच्या शाळेत निम्म्या पालिकेला देव शिकवला, आणि उरलं काय, तर भांडी. मला मरणाचं काही वाटलं नाही. त्या ओळीचं वाटलं. त्यातून आता घरात निम्म्या गावाची भांडी, आणि ती वेळेवर परत करणं भाग.

लेकीचा फोन आला. कुणीतरी तिचं फोनवरून सांत्वन केलं होतं. "आई," ती म्हणाली, "तू आहेस ना?"

"थांब, बघते," मी म्हटलं. मग मात्र ती रडायलाच लागली, आणि रडता रडताच तिने मला अ‍ॅरिझोनाला बोलावलं.

संध्याकाळी बर्निस आली. काळी टोपी, काळे हातमोजे, डोळे तांबारलेले.

"मी अंत्यविधीच्या हॉलमध्ये तासभर बसून आले," ती म्हणाली. "तिथे कोणीच नव्हतं. तूसुद्धा."

"तुला माहीत होतं की मी जिवंत आहे. गेल्या शुक्रवारी तर होते."

"शुक्रवारनंतर बरंच काही होऊ शकतं." ती खुर्चीत बसली आणि टोपी काढून जेलीवर ठेवली. मग तिने बटाटे खाल्ले. दोनदा वाढून घेतले. "मीठ कमी आहे," ती म्हणाली. "तुझ्यासाठी आणखी जरा बरं करायला हवं होतं."

इथवर सगळं सोसण्यासारखं होतं. पण ती छापील यादी सरकारी कचेऱ्यांतही पोचली होती. पुढच्या महिन्यात पेन्शन आलं नाही, आणि गाडीचा परवाना नवा करायला गेले तर खिडकीतल्या मुलीने माझं नाव दाबून बघितलं आणि "सॉरी" म्हणाली, अगदी मनापासून. मेलेल्या माणसाला गाडी चालवता येत नाही. दोन शुक्रवार बर्निसचे केस तसेच राहिले. तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोघी बसने जिल्ह्याच्या ठिकाणी, पेन्शनच्या कचेरीत गेलो. नातेवाइकाची साक्ष लागते म्हणाले होते, आणि जवळच्या नात्यात ती एकटीच हाताशी होती.

काउंटरवरचा माणूस सभ्य होता. "तुम्ही जिवंत असल्याचा पुरावा?"

"मी इथे उभी आहे."

"ते मला दिसतंय, मॅडम. पण मी कारकून आहे, साक्षीदार नाही."

बर्निस पुढे झाली. तिने हातमोजा काढला. "ही माझी भावजय आहे. ही जिवंत आहे. मी हिला ओळखते. मेलेली असती तर इतकी कुरकुर केली नसती." आणि तिने सही केली, पियानोच्या सर्टिफिकेटवर करायची तशी, शेपटीवाली.

माणसाने शिक्का मारला. मग तो म्हणाला, "तुमच्या पालिकेच्या दफनभूमीलाही कळवून टाकू का? त्यांच्याकडे नोंद चुकीची राहील."

मी जिवंत असल्याचं वेंडलकडे कागदोपत्री गेलं, तर नोंद रद्द, जागा मोकळी, आणि यादीत पहिली बर्निस. तिने 'हो' एवढंच म्हणायचं होतं. मी तिच्याकडे बघितलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"नको," बर्निस म्हणाली. "त्यांना कशाला त्रास? एकदा ठेवलेलं माणूस हलवायची त्यांना सवय नाही."

बसमध्ये बसल्यावर मी विचारलं, "का गं?"

"शुक्रवारी मला केसांना कोण नेणार?"

"ते झालं. खरं सांग."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. "वेंडलकडे गेले होते मी, तू मेलीस त्या आठवड्यात. तो म्हणाला, मोकळी जागा मिळाली तर एकाला मिळते. पण जागा भरलेली असली, तर त्याच जागेत घरातल्या आणखी एकाचा अस्थिकलश चालतो. नियमच आहे. फक्त खालची व्यक्ती मेलेली पाहिजे."

"म्हणजे तू स्वतःला जाळून घेणार?"

"बोलिंगपेक्षा बरं."

"आणि तो कलश ठेवणार कुठे?"

"वर."

"कोणाच्या वर?"

बर्निसला खिडकीबाहेर एकाएकी गाई दिसल्या होत्या.

मी घरी येईपर्यंत त्यावर विचार केला. पन्नासेक वर्षं ही बाई माझ्या डोक्यावर बसली होती. आता तिने ते कायमचं करून घेतलं होतं. पण उजवी बाजू माझी राहत होती. आणि दुसरं, जे मी तिला सांगितलं नाही: जेलीवर ठेवलेली ती काळी टोपी माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हती.

मे महिन्यात, फुलं वाहायच्या दिवशी, आम्ही दोघी घडीच्या खुर्च्या घेऊन टेकडीवर गेलो. लेलंडला मी नेहमीसारख्या बातम्या सांगितल्या. बर्निसने माझ्या थडग्यावर जिरॅनियमची कुंडी ठेवली. वेंडल त्या दिवशी फेरी मारतो, आणि माझ्या जागेवर काहीच नसलं तर त्याला चुकल्यासारखं वाटेल, असं ती म्हणाली. वेंडल आला, टोपी काढून दगडापुढे मिनिटभर उभा राहिला, मग मला "गुड मॉर्निंग, मिसेस डिट्मर" म्हणाला आणि पुढे गेला. सरकारी माणसाला दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या मानता येतात. मी माझ्या जिरॅनियमला पाणी घातलं. गेल्यानंतर आपल्याला कोणती फुलं येतात याची उत्सुकता असते सगळ्यांना. मला लाल आली होती.

गस यंत्र घेऊन वर आला. "बर्फ गेला. चला, अधिक कोरतो."

"अधिक नको, गस," मी म्हटलं. "तिथे जागा लागणार आहे. हिचं नाव घाल."

त्याला दोनदा ओरडून सांगावं लागलं. मग त्याने पट्टीने दगड मोजला, खडूने खुणा केल्या आणि मान हलवली. "मावतंय. 'बर्निस डिट्मर, १९१६', पुढे रेघ." तो जरा घुटमळला. "गेल्या वेळी तुमचं जे झालं ते मला लागलं, बाई. म्हणून एक सांगतो. हिच्या सालातले पहिले दोन आकडे मी आत्ताच कोरून देतो. दोन आणि शून्य. आता काही चूक व्हायची नाही."

"नको," मी म्हटलं.

बर्निसने माझ्या दंडावर हात ठेवून मला थांबवलं आणि गसकडे वळली. किती झालं तरी ती लेलंडची बहीण.

"फुकट?" तिने विचारलं.